आबांच्या बंदुकीची पावती

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू फुटतं, मग स्वतःचीच थोडी लाज वाटते. साठच्या दशकात मी लोणावळ्याला फौजदार होतो. आश्विनाचे दिवस होते. भातात दाणा भरत होता आणि औंढ्याच्या बाजूला रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडला होता.

एका सकाळी तिकडचे एक आबा ठाण्यात आले. सत्तरी उलटलेली, फेटा कडक.

"सायेब, माजी बंदूक चोरीला गेली."

पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर मिळालेली ठासणीची बंदूक होती ती. नळीत दारू आणि छर्रे ठासायचे, मग बार काढायचा. हत्यार चोरीला जाणं म्हणजे फौजदाराच्या झोपेचं खोबरं. मी फिर्याद लिहून घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली. अंगठा उठवताना आबांनी मला दोनदा विचारलं, "तुमी कोन?" वय झालंय, म्हणून मी ते सोडून दिलं. माझी पहिली चूक ती.

दुपारी स्टेशनाजवळच्या चहावाल्यानं खबर आणली. आबांचा मुलगा आदल्या दिवशी घोंगडीत काहीतरी लांबलचक गुंडाळून कामशेतहून लोकलनं आला होता. झालं! आम्ही मुलाला शेतातून उचललं आणि दोन पंच घेऊन घराची झडती सुरू केली. कणगी, माळा, गोठा, गवताची गंजी, सगळं उलथंपालथं केलं. राहिली एकच खोली. आबांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, सहा दिवसांची बाळंतीण. दाराशी शेगडीचा धूर आणि ओव्याचा वास. आमचे हवालदार उंबऱ्याशीच थबकले.

"साहेब, बारा दिवस पुरुषमाणूस आत जात नाही."

मीही मान डोलावली आणि पंचनाम्यात ठोकून दिलं, 'घरात काही मिळून आले नाही.'

ठाण्यात मुलाची चौकशी सुरू झाली. आधी म्हणाला, "इकली सायेब." कुणाला, ते सांगता येईना. तासाभरानं म्हणाला, "वढ्यात टाकली." चहा पाजला तर म्हणाला, "रानात पुरली." हवालदार लालबुंद झाले. मला मात्र वेगळीच शंका आली. स्वतःला वाचवणारा माणूस एकच खोटं घट्ट धरून बसतो. दुसऱ्याला वाचवणाऱ्याची तयारी नसते, म्हणून त्याचं खोटं दर खेपेला बदलतं.

"आणि घोंगडीत काय होतं रे?"

"पाळण्याचं खांब. भाचीच्या बारशाला सुताराकडनं कातून आनलं."

ते तांबडे-हिरवे खांब ओसरीवरच उभे होते. झडती घेताना मी स्वतः दोनदा बाजूला सारले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या घरी गेलो. आबांची सून अंगण सारवत होती. शेणाच्या हातानंच उभी राहिली. "आमचं मालक जेवलं का?"

"जेवला. पण खोटं बोलून बोलून दमलाय बिचारा."

तिचे डोळे भरून आले. "सायेब, बंदूक म्या लपवलीया. कुटं ठिवली ते त्यास्नी बी म्हाईत न्हाई. मला न्या, त्यास्नी सोडा."

मग तिनं सगळं सांगितलं. मामंजींना वर्षभर काही ध्यानात राहत नव्हतं. कधी घरचीच माणसं अनोळखी वाटायची. आठवड्यापूर्वी दिवेलागणीला तिचा नवरा डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून येत होता. आबांना ते डुक्कर वाटलं. बार झाला, छर्रे भाऱ्यात घुसले.

"भारा व्हता म्हनून वाचलं. बार हातभर खाली बसता तर, सायेब?"

"मग तेव्हाच ठाण्यात का नाही आलीस?"

"तुमी मामंजींना येडं ठरवून न्हेलं असतं. अन् राखणीचा मान गेला तर त्ये अन्नाला शिवायचं न्हाईत. मला दोनी मान्सं पायजेत."

"बंदूक आहे कुठे?"

तिनं बाळंतिणीच्या खोलीकडे मान वळवली. "वन्संच्या बाजंखाली."

"अगं बाई! शेगडीशेजारी? आणि दारू?"

"येडी हाय का मी? दारू कवाच वढ्यात वतली!"

आतून बाळंतीण खुदकन हसली. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

कायद्यानं परवाना रद्द करायचा आणि बंदूक घेऊन जायची, एवढंच माझं काम होतं. पण ओट्यावर आबा बसले होते आणि येईल-जाईल त्याला बंदूक विचारत होते. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका आम्ही ठाण्यात जमा करून घेतो. आबांनी ते अनेकदा केलेलं. कालचं पुसलं जातं, पण जुनी सवय हाडात राहते. मी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला.

"आबा, बंदूक सापडली. सरकारात जमा करायचीय, निवडणुकीच्या वेळेला करता तशी."

निवडणूक कसली नि काय कसलं! पण आबा ताठ उभे राहिले. "करा की. पर आदी शिक्क्याची पावती द्या!"

पावती मिळताच त्यांनी ती बंडीच्या खिशात घातली. मुलगा त्याच दिवशी सुटला. परवाना रद्द करायचा अर्ज मी त्याच्याकडून रीतसर वर पाठवला. पुढे दर बाजाराला आबा ठाण्यात यायचे. "सायेब, बंदूक चोरीला गेली!" हवालदार म्हणायचे, "आबा, खिसा बघा." आबा पावती काढायचे, शिक्क्यावरून बोट फिरवायचे. "मग बराबर हाय." मग आम्ही सगळे चहा प्यायचो. त्यांच्या येण्यानं ठाण्यातला दिवस सणासारखा जायचा.

त्या घरानं मला शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून हत्यार काढून घ्यावं, पण त्याची राखणदारी काढून घेऊ नये. आणि घरात धोका कुठे आहे, ते घरच्या बाईला आधी विचारावं.

बारशाला मला आमंत्रण होतं. घुगऱ्या खाऊन निघालो तेव्हा दिवस कलला होता. आबा शेतातल्या राखणीच्या उंच माचावर बसले होते. सुनेनं त्यांच्या हाती तेलाचा रिकामा डबा आणि दांडकं दिलं होतं. एवढ्यात भातातून काहीतरी काळं, मोठं सरकत आलं. आबा ताडकन उठले आणि डबा असा बडवला की डोंगर दणाणला. "हुर्र! हुर्र!"

"आबा, मी हाय की!" भाऱ्याखालून त्यांचा मुलगा ओरडला.

आबा काही थांबेनात. माझ्या शेजारी सून हसत होती, पदरानं डोळे पुसत होती आणि ओरडत होती, "वाजवा मामंजी, अजून वाजवा!"