दगडू वलद धोंडी वलद केरू

“ही वंशावळ आहे की उकिरडा?”

कारकुनाने विचारलं आणि सगळी कचेरी हसली. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आमच्यातल्याने आत यायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. कागद उंबऱ्यावर ठेवायचा, शिपायाने तो आत न्यायचा, हा तिथला रिवाज. कारकुनाने माझा कागद फूटपट्टीने सरकवत वाचला. हात लावला नाही.

“दगडू वलद धोंडी. धोंडी वलद केरू. केरू वलद उकिरडा. अरे, तुमच्या घरात एखादं माणूस जन्माला आलं की नाही?”

पुन्हा हशा. मग फूटपट्टीनेच त्याने कागद टेबलावरून ढकलला आणि शिपायाने तो पायाने दाराबाहेर सारला.

“नीट नावं घालून आण. सरकारी दप्तरात मी असला केरकचरा चढवणार नाही.”

मी वाकलो. कागद उचलला. ब्रह्मदेशात डोक्यावरून गोळ्या जात होत्या तेव्हासुद्धा मी इतका वाकलो नसेन.

लढाई संपून पलटणीने मला घरी सोडलं त्या सालची ही गोष्ट. मी घरी पोचायच्या आत बाप गेला होता. त्याच्या नावावर ओढ्याकाठी महारकीच्या वतनाची एक पट्टी होती. बाप गेला त्याच हंगामात पाटलाने तिच्यात नांगर घातला. वारस म्हणून माझं नाव चढलं तर पट्टी आमची, नाहीतर कायमची पाटलाची. आणि नाव चढायला वंशावळ पाहिजे. तीन-चार पिढ्यांची, वरून खालपर्यंत.

वंशावळ कशी काढतात हे मला कोण शिकवणार? मी आपलं घरातूनच सुरू केलं. खाली माझं नाव लिहिलं. वर बापाचं. त्याच्या वर आज्याचं. तिथे माझी अक्कल संपली. पुढचं आईला विचारलं. ती चुलीपुढे बसून सांगत गेली, मी पलटणीत शिकलेल्या अक्षरात लिहीत गेलो. माझ्या वर चार नावं झाली तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. तोच कागद पायाने बाहेर आला.

पाटलाच्या घराला मात्र या कामाची ददात नव्हती. सुगी झाली की खाली अथणीकडून बैलावर बसून त्यांचा हेळवी यायचा. हेळवी म्हणजे घराण्याची नावं पिढ्यान्‌पिढ्या वहीत राखणारा माणूस. त्याने अंगणात वही उघडायची, नावं म्हणायची, पोतंभर जोंधळा घेऊन पुढच्या गावाला जायचं. त्या वर्षी मीही गेलो ऐकायला. लांब, गोठ्याच्या भिंतीपाशी उभा राहिलो. हेळव्याने पाटलाच्या पाच पिढ्या म्हटल्या. सहावी आली आणि त्याने एकदम उडी मारली ती थेट सूर्यावर.

“आमचं मूळ सूर्यापासनं हाय,” पाटील मला ऐकू जाईल असं म्हणाला. “तुमचं कशापासनं रं?”

सूर्यापासून निघालेला हा माणूस आमच्या बायकांना फुकट लाकडं फोडायला बोलवायचा. त्याच्या पाचव्या आणि सहाव्या पिढीच्या मध्ये किती हजार वर्षं सांडली, हे त्याने हेळव्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघंही उघडे पडले असते.

एवढं दिसत असूनही मी काय केलं? माझ्यावरच थुंकावं असं केलं. हेळवी गावाबाहेर पडला तशी मी त्याला ओढ्यावर गाठलं. म्हणालो, “आमची पण वंशावळ द्या.”

“तुमची नावं आमच्या वहीत न्हाईत गड्या.” त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मिल्ट्रीचे बूट होते माझ्या पायात. “पर लिवून द्याला येतंय. एक शेळी दे. रजपुताचं कूळ घालतो.”

मी शेळी दिली. घरात तेवढी एकच होती. हेळव्याने बैलावर बसल्या बसल्या माझ्या बापाला दौलतसिंग केलं, आज्याला मानसिंग, पणज्याला रणजितसिंग. त्यांच्या वर कुठला तरी गड, गडावर चंद्र. पाटील सूर्याचा तर आम्ही चंद्राचे. शेळीत तेवढंच बसत असेल.

घरी येऊन मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

“ह्यात तुझा बा कुठाय?”

“ह्योच की. दौलतसिंग.”

“ह्यो कोण मेला? ह्याच्याशी न्हाई माझं लगीन झालं.”

मी चिडलो. कचेरीतलं सगळं सांगितलं. म्हणालो, “आये, दगड, धोंडा, केर, उकिरडा. लोक हसत्यात. दुसरी नावं मिळाली न्हाईत व्हय तुमाला?”

आईने काटवटीतला हात काढला. पदराला पुसला. मग ती जे बोलली ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“मिळाली व्हती की. लय चांगली मिळाली व्हती. तुझ्या बाच्या आदी गेनू झाला. त्यो गेला. मग राजा झाला. त्यो बी गेला. मग तानी आन सोना, दोगी एकाच पटकीत गेल्या. मग तुझा बा झाला. तवा माझ्या सासूनं त्याला उकिरड्यावर निऊन ठेवला. शेजारणीनं उचालला. सासूनं मूठभर कोंडा दिऊन तिच्याकडनं इकत घेतला आन नाव ठेवलं दगडू. मरणाला वाटावं, दगुड हाय, कशाला न्यायचा. तसा जगला त्यो. धोंडी तसाच. केरू तसाच. त्या नावांवर हसतूस तू?”

दर आखितीला पितरांसाठी पाण्याची मडकी भरताना आईची सासू ही गेलेली नावं पुटपुटायची, तिच्याकडून आईला पाठ झाली होती. मी कागद ओढला. हेळव्याचा कागद चुलीत घातला, शेळीची हळहळ वाटली ती वाटलीच. आणि पुन्हा पहिल्यापासून बसलो. या वेळी मी फक्त बापांची नावं विचारली नाहीत. दगडूच्या आधी कोण? धोंडीच्या आधी कोण? आई कोण, कुठल्या गावची? धोंडीची बायको सखू, तिची चार गेली. केरूची बायको भागू, तिची सात. उकिरड्याची बायको येसू, तिची किती गेली ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं, तर तसंच लिहिलं. कागद पुरला नाही. दुसरा जोडला.

त्या लेकरांना पटकी नेत होती तेव्हा गावाच्या विहिरीवर आम्हाला घागर बुडवू देत नव्हते. आम्ही ओढ्याचं पाणी पीत होतो, गुरं बसायची त्याच्या खालच्या अंगाचं. जगलेल्या प्रत्येक दगडूमागे या गावाने मारलेली चार लेकरं आहेत. हा कागद कारकुनाला घाण वाटतो. वाटणारच. घाण त्यांची आहे.

सोमवारी पुन्हा कचेरीत गेलो. कागद उंबऱ्यावर ठेवला नाही. हातात धरून उभा राहिलो आणि उभ्यानेच वाचला, कवायतीच्या आवाजात, सगळी नावं, मेलेल्या लेकरांसकट. कोणी हसलं नाही. कारकून लालभडक झाला.

“बायका-पोरांची नावं कशाला? वंशावळीत ती नसतात.”

“सायेब,” मी विचारलं, “तुमच्या पणजीचं नाव काय?”

“काय?”

“आईच्या आजीचं नगं, ते जड जाईल. वडलांच्या आजीचं सांगा.”

तो दौतीकडे बघत राहिला. शिपाई त्याच्याकडे बघत राहिला. दारात माणसं जमली होती. असली यांची घराणी. सूर्य ठाऊक आहे, पणजी ठाऊक नाही. जिच्या पोटातून आले तिचं नाव हरवलं आणि हे माझ्या बापाच्या नावावर हसतात.

“ठेव तिथे आणि चालता हो,” शेवटी तो म्हणाला.

“ठेवणार न्हाई. हातात घ्या.”

त्याने घेतला नाही. कचेरी बंद होईपर्यंत मी हात पुढे करून उभा होतो. दंड भरून आला. त्याने दप्तर बांधलं, मागच्या दाराने निघून गेला. पुढच्या दाराने जायची त्याची छाती झाली नाही.

पट्टी अजून माझ्या नावावर चढलेली नाही. पाटलाने तिच्यात या वर्षी हळद लावली आहे. मी दर सोमवारी जातो. कागद जुना झाला की नवी प्रत काढतो, त्यामुळे माझं अक्षर सुधारलं. आई म्हणते, किती दिवस जाशील? मी तिला सांगितलं आहे. मी वाकून ठेवणार नाही आणि पडलेला उचलणार नाही. दगडू, धोंडी, केरू, उकिरडा, आणि त्यांच्या आधी गेलेली सगळी लेकरं त्या माणसाला स्वतःच्या हाताने माझ्या हातातून घ्यावी लागतील. तोवर सोमवार माझा आहे.