दारातला हात

शेजारच्या घरातून द्राक्षं उकळल्याचा वास आला, आणि मी मनानं ऐंशी सालच्या आसपासच्या आमच्या चर्चमध्ये जाऊन बसले, अगदी शेवटच्या बाकावर. मी लग्नानंतर ख्रिस्ती झालेली. वडील गेले तेव्हा त्यांच्या दहाव्याला मी रामकुंडावर गेले, म्हणून मंडळीच्या पंचांनी मला प्रभुभोजन बंद केलं. लेकीनं बापासाठी कुठे रडायचं, तेही पंच ठरवणार!

त्या रविवारी भाकरीचा तुकडा आणि निफाडच्या द्राक्षांचा उकळलेला रस घ्यायला सगळे पुढे गेले, माझा नवरासुद्धा. सगळ्यांना देऊन झाल्यावर आमचे पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, स्वतःचा पेला तसाच ठेवून माझ्या शेजारी येऊन बसले.

"माझी आई गेली तेव्हा मलाही घाटावर जायचं होतं, बाई," ते हळूच म्हणाले. "धीर झाला नाही."

मला रडू फुटलं. माझ्याइतकं एकटं तिथे कुणी नाही, असं तेव्हा वाटायचं.

आता नवराही नाही. घरात मी एकटीच. हा वास आला की आठवतं ते पुढचं. उपासना संपल्यावर पाळक नेहमीसारखे दारात उभे होते, हात पुढे करून. आणि पंच, त्यांच्या मागोमाग सगळी मंडळी, त्या हाताला वळसा घालून बाहेर पडत होती.