हौसाबाईची बाजू

दुपारचं जेवण उरकून आण्णा हावळ खाटेवर आडवे होतात. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ते रोज स्वतःला बजावतात. डोक्यावरचा पंखा जुना आहे, फिरताना खटखटतो. संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर जायचं आहे आणि तिथं बोलायचं आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

इचलकरंजीच्या त्यांच्या भागात संध्याकाळी माणसं दोन ठिकाणी सापडतात, चहाच्या गाड्यावर नाहीतर कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर. कॉलेजच्या मुलींच्या संघानं एके काळी विद्यापीठाची ढाल ओळीनं आणली होती. तेव्हापासून पायऱ्यांवरच्या मंडळींना सवय लागली. ढाल आली की पेढे, नाही आली की शिव्या. गेली दोन वर्षं संघ विभागातच हरतोय आणि पायऱ्यांवर भांडणाला ऊत आलाय. पतसंस्थेतले चौगुले म्हणतात, मैदान नवं केलं, पोरींना बूट दिले, आणि मिळालं काय? प्रशिक्षक मगदूम सरांचं वय झालं, त्यांना आता घरी बसवा. दुसरे म्हणतात, सर काय करतील, चांगल्या पोरी पुण्याला पळतात. तिसरे म्हणतात, मुळात आपणच अपेक्षा फार धरतो, आपलं कॉलेज केवढं. आज सगळे मिळून प्राचार्यांना भेटणार आहेत. जाण्याआधी पायऱ्यांवर एक मत करायचं आहे.

काल चौगुले घरी येऊन गेले. पाणी प्यायले, भिंतीवरच्या आण्णांच्या बायकोच्या, हौसाबाईंच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "आण्णा, तुमीच बोला उद्या. सरांवर तुमच्याएवढी टीका कुणी केलीय?"

आण्णा बरं म्हणाले.

टीका केली होती, ते खरंच आहे. पण ती टीका म्हणजे अर्धं बोलणं होतं. उरलेलं अर्धं हौसाबाईंकडे असायचं. हे सरांना नावं ठेवायचे, ती सरांची बाजू घ्यायची. हे ढाल म्हणायचे, ती पोरी म्हणायची. इतकी वर्षं असं चाललं की आपल्या मनात नेमकं काय आहे हे आण्णांना तिचं ऐकल्यावरच कळायचं. ती गेली आणि ते रिकामे झाले. आता पायऱ्यांवर चौगुले बोलले की ते मान डोलावतात, आणि चौगुल्यांच्या विरोधातला बोलला तरी डोलावतात.

त्यातून या दोघांचं भांडण कुणाला ऐकूही यायचं नाही. आण्णा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारे. हौसाबाई त्याच शेडमध्ये कांडी मशीनवर, मागाला लागणारं सूत कांड्यांवर भरणारी. मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचे. लग्नाआधी दोघं असंच बोलली, लग्नानंतरही तेच. मैदानावर ती वर बायकांत बसायची, हे खाली पुरुषांत. एखादीनं सोपा बास्केट घालवला की हे मागं वळून ओठ हलवायचे, ती तिथूनच उत्तर द्यायची. बायका आपसात म्हणायच्या, वहिनींचं आण्णांशी पटत नाही बहुतेक, कधी शब्द बोलताना दिसत नाहीत.

आण्णांच्या पापण्या मिटतात. पंखा खटखटतो. खटखट वाढत जाते, चहूकडून येते, आणि खाटेच्या लाकडाला हात लागावा तसा त्यांचा हात मागाच्या चौकटीला लागतो.

शेड भरून माग चालू आहेत. सुतामधून धोटे इकडून तिकडे धावताहेत. फरशीवर मात्र मैदानाच्या पांढऱ्या रेषा आहेत आणि पलीकडच्या भिंतीवर, जिथं मालकांचं घड्याळ असायचं, तिथं रिंग लावली आहे. तिच्या खाली कांडी मशीनवर हौसाबाई बसली आहे. चष्मा नाकावर घसरलेला. ती वर बघते आणि ओठ हलवते.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय केलंत?"

"भात. कालचं कालवण होतं."

तिला ते पटलेलं नाही हे तिच्या भुवईवरून दिसतं. ती कांडी काढते, दुसरी लावते. आण्णांना तिच्याजवळ जायचं आहे, पण मध्ये मागांच्या रांगा आहेत, आणि ज्या मागाला वळसा घालावा त्याच्यापुढं आणखी एक निघतो. ते तिथंच उभे राहतात. कैक वर्षं असंच उभं राहून बोलले, तेव्हा लांब वाटलं नव्हतं.

"पोरी काय म्हणतात?" ती विचारते.

"विभागातच हरल्या."

"परत?"

"परत."

ती हात पुसते आणि उठते. आण्णाही पुढं होतात. पायाखाली आता दवाखान्याची थंड फरशी आहे. लांब व्हरांडा, दोन्हीकडं खाटा, आणि खाटांच्या मधून संघातल्या मुली चेंडू आपटत पळताहेत. चेंडू आपटल्याचा आवाज होत नाही. मगदूम सर एका खाटेच्या कठड्याला टेकून शिट्टी फुंकतात, तीही वाजत नाही. नर्स सलाइन घेऊन त्यांच्यातून वाट काढत जाते, कुणाला धक्का लागत नाही.

हौसाबाई खिडकीजवळच्या खाटेवर आहे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क.

ही खाट आण्णांना ओळखीची आहे. शेवटच्या दिवशी ती इथंच काहीतरी बोलली होती. मास्कवर वाफ आली आणि गेली. आवाज तर तिला तेव्हा उरलाच नव्हता. आण्णा उभ्या आयुष्यात तिचे ओठ वाचत आले, आणि त्या वेळी नेमके ओठ झाकलेले. मास्क काढायला डॉक्टरांची परवानगी नव्हती. तिनं विचारल्यासारखी नजर केली, म्हणून यांनी मान हलवली. हो म्हणून. कशाला हो म्हटलं ते त्यांना आजही माहीत नाही. ती हसली, निदान डोळे तरी हसले, आणि संध्याकाळी गेली. त्यानंतर आण्णांनी मनाशी कितीतरी वाक्यं जुळवून पाहिली. माझ्यामागं नीट राहाल ना? बहिणीला माझी पैठणी द्याल ना? मला घरी न्याल ना? प्रत्येक वाक्याला हो बसत होतं, म्हणून एकही खात्रीचं नव्हतं.

आता ते खाटेशी येतात.

"तो काढ," ते म्हणतात. "एकदाच काढ."

ती सहज काढते, चष्मा काढावा तसा, आणि उशाला ठेवते. तिचे ओठ कोरडे आहेत, कडेला थोडे फुटलेले. पण दिसताहेत.

"त्या दिवशी काय म्हणालीस?"

"कोणत्या?"

"मी मान हलवली त्या दिवशी."

तिला आठवावं लागतं. आण्णा तिच्या तोंडाकडं बघत थांबतात. एक मुलगी चेंडू घेऊन खाटेखालून निघून जाते.

"मॅच होती ना आपली," हौसाबाई म्हणते. "जिंकल्या का, म्हणून विचारलं."

"एवढंच?"

"मग काय विचारायचं? तुम्ही हो म्हणालात."

आण्णा खाटेच्या कडेला बसतात. खाट पायऱ्यांसारखी सिमेंटची आहे, उन्हानं तापलेली. समोर मैदान आहे, पण रिकामं. व्हरांड्यातल्या मुली गेल्या. ती त्यांच्या शेजारी बसली आहे, एकाच पायरीवर, जशी कधीच बसली नव्हती. इतक्या जवळून तिचे ओठ वाचायचे तर मान पुरती वळवावी लागते.

"हरल्या होत्या," आण्णा सांगतात. "दोन गुणांनी."

"असं होय."

"मला कळलंच नव्हतं तू काय विचारलंस."

"मी तर सुखानं गेले की ओ," ती म्हणते, आणि तिला हसू फुटतं. ती पदर तोंडाला लावून हसते, त्यामुळं पुढचं काय बोलली ते दिसत नाही. आण्णाही हसतात. मग त्यांना हसू आवरत नाही आणि डोळ्यांत पाणी येतं, तेही ते पुसत नाहीत.

मग ते तिला आजचं सांगतात. चौगुले येऊन गेल्याचं, प्राचार्यांकडं जायचं ठरल्याचं, आपल्याला बोलायला सांगितल्याचं. आता ती सरांची बाजू घेईल आणि आपल्याला नेहमीसारखं पलीकडं उभं राहता येईल, याची ते वाट बघतात.

"जाऊ देत की सर," हौसाबाई म्हणते.

"काय?"

"ढाल नाही, काही नाही. एवढे बूट दिले पोरींना. नवा माणूस आणा."

हे आण्णांचं बोलणं आहे, शब्दासकट. मान झटकायची लकबही त्यांचीच. आण्णांना राग येतो. पूर्वी ढाल यायची ती कुणाच्या जिवावर, ते म्हणतात. बाहेरगावच्या तयार पोरी आणून हॉस्टेलला ठेवायचे. आता आपल्या गल्लीतल्या पोरी खेळताहेत. ती कांडीवालीची पोरगी, सरांनी तिच्या बापाचे पाय धरले तेव्हा त्यानं तिला अर्ध्या चड्डीत मैदानावर सोडली. अशा पोरी तयार व्हायला वेळ लागतो. सर पहाटे कुलूप काढतात, एक दिवस चुकलेले नाहीत. दोन वर्षांत काय होतं? एका मागाची खोड कळायला दोन वर्षं जातात.

हे सगळं तिनं त्यांना पूर्वी सांगितलेलं आहे. ते कधी मानलं नव्हतं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात येतं की ते पाठ आहे, आणि खरं आहे.

हौसाबाई ऐकून घेते. मग गुडघ्यावर हात देऊन उठते.

"बोललात की," ती म्हणते.

ती पायऱ्या उतरून मैदानात जाते. पाठमोरी. आण्णा म्हणतात, "अगं, थांब." पण ते त्यांनी ओठांनी म्हटलं आहे, आणि तिची त्यांच्याकडं पाठ आहे. ते पुन्हा ओठ हलवतात. ती चालतच राहते. मैदान शेडएवढं लांब झालं आहे, रेषांमागून रेषा. माग कधीच बंद पडलेत, कुठं काही वाजत नाही. एवढ्या शांततेत माणसाला हाक मारली तर ऐकू जाईल. पण हाक मारायची कशी? सगळा जन्म अगं म्हणण्यात गेला. चारचौघांत नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गरज पडली नाही. ती रिंगच्या खाली पोचते. आता ती वळणार नाही हे त्यांना कळतं.

आण्णा छाती भरून घेतात.

"हौसा!"

पाठ खाटेवर आहे. पंखा थांबला आहे, लाइट गेली असावी. बनियन घामानं भिजली आहे. खिडकीत शेजारच्या राजाक्का उभ्या आहेत, पदराला ओला हात पुसत.

"आण्णा, काय झालं? केवढ्यानं ओरडला. मी मागल्या दारी भांडी घासत होते, तिथवर आलं."

आण्णा उठून बसतात. काही नाही, असं म्हणायला जातात, पण घसा खरवडल्यासारखा होतो आणि आवाजाच्या जागी नुसती घरघर निघते. ते खाकरतात. कळ येते, आतून, दोन्ही बाजूंना.

राजाक्का खिडकीचा गज धरून जवळ येतात. मग हळू आवाजात म्हणतात, "वहिनींचं नाव घेतलंत. एवढी वर्षं शेजारी राहतोय, तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं."

आण्णा मान हलवतात. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन घोटभर पितात. पाणी घशातून उतरताना झोंबतं. म्हणजे ते खरोखर ओरडले. त्या आवाजाला हवा लागली, तो या घरातून निघाला, भिंत ओलांडून भांड्यांपर्यंत गेला. ते भिंतीकडं तोंड करून, कुणी ऐकत नसल्यासारखं, म्हणून बघतात, "सर राहू देत." फाटका आवाज येतो, पण शब्द कळतात. पायऱ्यांवर तेवढा पुरेल. चौगुले कान पुढं करतील.

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा," राजाक्का सांगतात. "पाणी ठेवू का तापत? मैदानावर जायच्या आत घसा सुटेल."

"नको," आण्णा घोगऱ्या आवाजात म्हणतात.

"अहो, दुखतंय की तुम्हाला."

"असू दे."

राजाक्का जातात. आण्णा सदरा अंगात घालतात, बटणं लावतात आणि रिकाम्या खाटेच्या कडेला बसतात. मग आवंढा गिळून बघतात. दुखतं. थोडं थांबून पुन्हा गिळतात.

अजून आहे.