वरच्या थरात सापडलं ते

आधी एक पैज. या गोष्टीत शेवटी हेडमास्तरांचं काय गेलं, ते ओळखा. ओळखलंत तर शेवभाजी माझ्याकडून! नाही ओळखलंत तर तुमच्याकडून, आणि तिखट माझ्या मापानं.

चोपड्याच्या शाळेत मी शिपाई होतो. घंटा वाजवायची, पाणी भरायचं आणि दाराशी बसून ऐकायचं. असे किस्से अंगाला गोखरूसारखे चिकटतात. झटकून जात नाहीत.

आमचे बापट सर कोकणातले. सातवीला इतिहास शिकवायचे, पण सुरुवात पार पृथ्वी झाली तिथून! नोकरी कच्ची. कायम झाल्याशिवाय सासरा पोरगी देणार नव्हता. म्हणून इन्स्पेक्शनकडे डोळे लावून बसलेले.

*

पहिलाच तास. जून लागला तरी पावसाचा पत्ता नाही, वर पत्रे. सर घाम पुसत म्हणाले, "मुलांनो, पृथ्वी आधी तापलेला गोळा होती. मग हळूहळू थंड झाली."

मागून एक पोरगं म्हणे, "सर, मंग आमनं चोपडं आजून थंडं व्हयनं नही!"

सरांनी रुमाल पिळला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

*

मग जीव कसे झाले ते आलं. "सगळ्यात आधी एकपेशीय जीव होते."

मारवाड्याचा पारस उठला. त्याच्या बापाची केस जळगावच्या कोर्टात चाललेली, दर महिन्याला पेशी, म्हणजे तारीख. "सर, एकाच पेशीत सुटले? वकील कोण होता?"

कोकणातल्या माणसाला कोर्टाची पेशी काय कळणार! ते आपले सरळ पुढे, "नंतर बहुपेशीय आले."

"हां! ते आमचे बाबूजी!"

*

हडप्पाच्या तासाला पोरांनी विचारलं, "सर, हडप्पा कोणी हडपलं?"

सर म्हणाले, "काळानं."

"काळ्या तलाठी? त्यानं आमनं वावरबी हडपं!"

बठ्ठा वर्ग हसला. सरांना वाटलं, धडा आवडला.

*

पण माकडापाशी भानगड झाली. माणसाचे आणि माकडाचे पूर्वज एकच, असं सर बोलले. दुसऱ्या दिवशी आबा पाटील काठी घेऊन शाळेत!

"मास्तर, माझा आजा माकड?"

"तसं नाही आबा. लाखो वर्षांपूर्वीची गोष्ट."

"आमच्या भाऊबंदांचे बी तेच पूर्वज ना?"

"सगळ्यांचे तेच."

"मग चालंल! मला वाटलं, आमचेच."

आबा गेले, पण हेडमास्तर पेटले. "इन्स्पेक्शनला साहेबांच्या कानावर घालतो. हा कायम कसा होतो तेच बघतो!"

हेडमास्तर म्हणजे मोठं प्रस्थ. बाजारात उभे राहून अख्ख्या शेंगा दातानं फोडायचे. "रिटायर व्हायला आलो, बत्तीशी अस्सल!" दुपारी मात्र ऑफिसात डुलकी काढायचे. तेव्हा टेबलावर पाण्याचा पेला झाकलेला असायचा. त्या पेल्यात काय असतं, हे शाळेत मला एकट्यालाच ठाऊक. पेला धुणारा मीच ना!

*

इन्स्पेक्शनला सरांनी उत्खनन दाखवायचं ठरवलं. शाळेमागं खड्डा खणला आणि मला म्हणाले, "नामाभाऊ, खाली गारगोट्या म्हणजे अश्मयुग. त्यावर माती. मग खापरं म्हणजे हडप्पा. पुन्हा माती. वर फुटक्या पाट्या म्हणजे आपण. थर चुकवू नका."

मी एक थर चुकवला नाही. खड्डा दुपारीच भरला, हेडमास्तरांची डुलकी चालू होती तेव्हा.

त्याच संध्याकाळी हेडमास्तरांनी मौनव्रत धरलं! तोंडावर उपरणं, सगळा कारभार खुणेनं. अवघं गाव म्हणे, केवढा सात्त्विक माणूस!

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शनचे डिपटी साहेब जीपनं आले. गाव जमलं. आबा पाटील पुढंच. पोरांनी खुरपी चालवली, आणि वरच्या पाट्यांच्या थराशीच सुमन ओरडली. सातपुड्याखालच्या पाड्यावरची पोर, भारी धीट. हात वर केला, तर हातात अख्खी कवळी!

बापट सर पांढरे पडले. मला वाटलं, राहिली पोरगी सासऱ्याकडंच!

साहेबांनी चष्मा पुसला. "ही कोणत्या काळातली गं?"

सुमन म्हणे, "साहेब, खालनं जुनं, वरनं नवं. हाई वरच सापडनं. म्हणजे ताजं शे. मालक आजून जित्ता शे!"

साहेब पोट धरून हसले. "शाब्बास! हे कोणी शिकवलं?"

"बापट सरनी!"

साहेबांनी कवळी वर धरली. "कोणाची आहे?"

जो तो आपापले दात चाचपू लागला. मग साहेब वळले. "हेडमास्तर, या बापटांविषयी काही तक्रार? असेल तर आत्ता बोला."

हेडमास्तरांनी कवळीकडं पाहिलं. गावाकडं पाहिलं. उपरणं घट्ट केलं आणि मान हलवली. नाही!

"तक्रार नाही? मग हे कायम!" साहेबांनी कवळी रुमालात बांधली. "बेवारस वस्तू सरकारजमा." जीप गेली जळगावला.

महिन्याभरात सरांचं लग्न लागलं. इकडं येऊन त्यांनी गावाला जेवण दिलं. कडक बुंदीचे लाडू, कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत. वाढायला मी.

हेडमास्तरांच्या पानावर मी मोठ्या मानानं दोन केळी ठेवली. कुस्करून.