देगलूरकराचा दुसरा गेम

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कार्यालयांच्या पाट्या आधी आल्या, टेबले नंतर आली आणि व्हॉलीबॉलचा संघ सर्वांत शेवटी आला. जिल्ह्याच्या नावाने पहिला सामना नांदेडला खेळायचा ठरला होता. मुले तयार होती, फक्त लिफ्टर नव्हता. आमचा जुना, मुरलेला लिफ्टर सरकारी नोकर होता. कर्मचाऱ्यांची वाटणी झाली तेव्हा तो जुन्या जिल्ह्याच्या वाट्याला गेला आणि आमचा निम्मा खेळ सोबत घेऊन गेला.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. सामना तीन गेमचा असतो, दोन जिंकेल तो संघ विजयी. पलीकडून सर्व्हिस होऊन आलेला चेंडू पहिला खेळाडू हातांवर घेऊन वर काढतो. दुसरा स्पर्श लिफ्टरचा. तो चेंडू जाळीजवळ हवेत असा ठेवतो की शूटरने उडी घेऊन तो पलीकडे आदळावा. टाळ्या शूटरला मिळतात. परंतु कोणत्या शूटरला द्यायचा, किती उंच आणि जाळीपासून किती अंतरावर, हे सारे लिफ्टर क्षणात ठरवतो. संघाचे डोके त्याच्या बोटांत असते म्हणा ना.

या जागेवर आला तो देगलूरचा एक तरुण. नव्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागला होता. मराठी बोलता बोलता तेलुगूत शिरे आणि खेळताना शूटरला ‘रा, रा’ म्हणून बोलावी. सगळे त्याला देगलूरकरच म्हणत.

संघनिवड आम्हा तिघांकडे होती. शाळामास्तर असल्यामुळे खेळाचे नियम मला पाठ आहेत, असा लोकांचा समज होता आणि तो बराचसा खरा होता. दुसरे आडतीवरचे मुनीमजी. मैदानाला त्यांच्याइतका जुना प्रेक्षक नव्हता. तिसरे टेलरचाचा, कारण संघाच्या जर्सी तेच शिवत. मुनीमजींचा सख्खा भाचाही लिफ्टर होता. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. उलट दिवसातून दोनदा तरी ते ती सांगत.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. मैदानावर पाणी शिंपडणे केव्हाच बंद झाले होते. मैदानाच्या भिंतीलगत संध्याकाळी टँकर थांबे, म्हणून दुपारपासूनच तिथे घागरी, हंडे आणि पत्र्याचे डबे रांगेने मांडलेले असत. आम्ही आपापल्या घागरीपाशी बसून खेळ पाहत असू. नंबर राखला जाई आणि खेळही बघून होई. टँकरचा भोंगा वाजला की सगळा प्रेक्षकवर्ग हंडे उचलून धावे. खेळणाऱ्यांचे पाणी त्यांच्या घरची माणसे भरत, त्यामुळे खेळ चालूच राही. आम्ही पाणी घरी पोचवून परत येईपर्यंत जाळी सोडण्याचे काम सुरू झालेले असे. पण तोवर आमचे मत तयार असे.

“काय करून राहिला ह्यो?” मुनीमजी म्हणायचे. “शूटर तिकडं, चेंडू इकडं. मधी कुणा पाहुण्यासाठी ठेवला का?”

“कपडा अच्छा हाय, मुनीमजी,” चाचा म्हणायचे. “माप चुकून राहिलं.”

“मापाचं काय सांगता! आमच्या भाच्याकडं बघा. पंगतीत वाढल्यावानी, सगळ्यास्नी सारखं.”

हे खरे होते. भाच्याचा चेंडू सुबक असे, नेहमी त्याच उंचीवर, त्याच जागी. देगलूरकराचा मात्र कधी बुटका, कधी जाळीला चिकटलेला, कधी शूटरच्या पाठीमागे. मी शिक्षकी सवयीने गुण देत असे आणि उत्तीर्ण करण्याइतके गुण काही केल्या भरत नव्हते.

संघाचा कप्तान बँकेत नोकरीला होता आणि आमचा मुख्य शूटर होता. तो मात्र पुन्हा पुन्हा सांगे, “सर, दुसरा गेम बघत जा की जरा.”

“पहिलाच असा, तर दुसऱ्यात काय बघायचं?” मुनीमजी फटकारत. “एका खानावळीत जेवता तुमी दोघं, म्हणून बाजू घेऊन राहिला.”

कप्तान हसून निघून जाई.

निवडीच्या आदल्या शुक्रवारी देगलूरकर माझ्या शाळेच्या दारात उभा राहिला. चपला बाहेर काढाव्यात की नाही हे त्याला ठरवता येईना.

“सर, एक विचारू का? रागवू नका.”

“विचारा.”

“नांदेडला जाणाऱ्या संघात माझं नाव राहील का? वडील बघायला येतो म्हणून राहिलेत. त्यांनी मला कधी खेळताना बघितलं न्हाई. देगलूरहून नांदेड त्यांना सोपं पडतं. त्यांना या म्हणून कळवू, का नको कळवू?”

निकाल आधी सांगणे नियमात बसत नव्हते. “रविवारी सकाळपर्यंत थांबा,” मी म्हणालो. तो मान हलवून गेला. माझ्या मनातला निकाल त्याच्या वडिलांना घरीच बसवणारा होता. त्यामुळे पुढच्या तासाला फळ्यावर लिहिताना माझे लक्ष लागले नाही.

शनिवारी शेवटची चाचणी होती. एका बाजूला देगलूरकर, दुसऱ्या बाजूला भाचा, शूटर दोघांना वाटून दिलेले. पहिला गेम नेहमीसारखाच झाला. भाचा जिंकला. मुनीमजींनी टोपी सारखी केली आणि घागरीच्या गळ्यावर हात ठेवला, कारण टँकरची वेळ झाली होती.

टँकर आला नाही. वाटेत बिघडला आहे, येईल, पण केव्हा ते सांगता येत नाही, असे एक सायकलवाला सांगून गेला. उठून जावे तर नंबर जाणार. रांगेतला एकही माणूस हलला नाही. आणि समोर दुसरा गेम सुरू झाला.

त्या गेममध्ये मी जे पाहिले ते शक्य तितक्या नेमकेपणाने सांगतो. डावीकडचा शूटर उंच पण मंद होता. त्याला आता जास्त उंचीचा चेंडू मिळू लागला, म्हणजे पावले टाकायला वेळ मिळावा. उजवीकडचा बुटका आणि चपळ. त्याला जाळीच्या काठाशी, कमी उंचीचा, पलीकडून ब्लॉक करायला, म्हणजे अडवायला, हात वर येण्याआधीच. कप्तानाचे अंग जड होते, म्हणून त्याला जाळीपासून हातभर मागे. प्रत्येकाला वेगळे ताट वाढले जात होते. भाच्याच्या बाजूची मुले उडी कुठे मारायची हेच विसरून गेली.

मुनीमजींचा हात घागरीच्या गळ्यावरून केव्हाच सुटला होता.

“मिळालं की माप,” चाचा पुटपुटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, एक बात बोलू? ह्या पोराचा दुसरा गेम आपण कधी बघितला हाय का?”

मी आठवून पाहिले. मुनीमजींनीही पाहिले असावे, कारण त्यांची नजर रिकाम्या घागरींच्या रांगेवरून सरकत टँकरच्या मोकळ्या जागेवर जाऊन थांबली.

“अरे द्येवा,” ते म्हणाले. “आपण रोज भोंग्यापत्तुर बघून राहिलो!”

आणि सर्वांत आधी तेच हसले. मग सगळी रांग हसू लागली. मी इतकी वर्षे मुलांचे पेपर तपासत होतो. इथे रोज पहिला प्रश्न तपासून पेपर परत देत होतो. तिसरा गेमही देगलूरकराने जिंकला. टँकर अंधार पडताना आला. त्या दिवशी पाण्यासाठी धावणाऱ्यांत मुनीमजी शेवटचे होते.

रविवारी बैठक फार चालली नाही. “भाच्याला राखीव ठेवा,” मुनीमजी म्हणाले. “त्याला मी सांगतो. बहिणीच्या घरी चार दिवस चहा मिळायचा न्हाई, तेवढं सोसतो.”

मी देगलूरकराला बोलावून घेतले आणि पहिला गेम का बिघडतो हे विचारले. तो अवघडला. “माणसं नवीन हायेत, सर. कोण कुठून उडतो, ते हाताला कळाया येळ लागतो.”

“मग तो वेळ सामन्याच्या आधी द्या. प्रत्येक शूटरबरोबर एकेकट्याने सराव करून मगच मैदानात उतरा.”

“हाव, सर.”

“आणि वडिलांना कळवा.”

तो कळवायला जवळजवळ पळतच गेला.

नांदेडला आम्ही एस.टी.ने गेलो. चाचांनी जर्सीला मातकट रंगाचे कापड निवडले होते, कारण धुवायला पाणी मिळेल याची खात्री नव्हती. मैदानात शिरताच कोणीतरी ओरडले, “लातूरवाले मातीतूनच उठून आले काय रे?”

“पक्का रंग हाय, भाई!” चाचांनी उलट सांगितले. “धूळ बसली तरी दिसणार न्हाई. तुमचे पांढरे बघू संध्याकाळी!”

देगलूरकराचे वडील सकाळीच येऊन पहिल्या ओळीत बसले होते. पांढरे धोतर, मांडीवर घडी केलेला टॉवेल. खेळातले त्यांना काही कळत नव्हते. मी शेजारी बसून समजावून सांगू लागलो. सरावाचा उपयोग झाला होता, तरी पहिला गेम आम्ही थोडक्यात हरलोच. मागच्या ओळीतून आवाज आला, “असला कसा लिफ्टर आणला?” वडिलांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

“मी जरा भाईर जाऊन येतो, सर.”

“बसा,” मी म्हणालो.

“बसा हो,” पलीकडून मुनीमजीही म्हणाले. “आमी तीच चूक केली. तुमी करू नका.”

ते बसले. दुसऱ्या गेमच्या मध्यावर मागची ओळ पुढे वाकून बघत होती आणि मुनीमजी उभे राहून ‘रा, रा’ ओरडत होते. वडिलांनी टॉवेल दोन्ही हातांनी इतका पिळला की त्यातून काही निघेल असे वाटावे. तिसरा गेम शेवटच्या गुणापर्यंत लांबला. तो गुण आमच्या उजवीकडच्या बुटक्या शूटरने घेऊन सामना जिंकला, परंतु वडिलांनी शूटरकडे पाहिले नाही. ते मुलाच्या हातांकडे पाहत होते. एका सामन्यात एवढे शिकणारा विद्यार्थी मला क्वचितच मिळाला असेल.

सामना संपल्यावर मुलगा धुळीने माखलेला पाया पडायला आला. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, घसा खाकरला आणि मुनीमजींकडे वळून गंभीरपणे विचारले, “सर्व्हिस मात्र जरा कच्ची हाय त्याची, न्हाई का हो?”

मुनीमजींचा चेहरा फुलला. “हेच मी कवापासून सांगून राहिलो, पाव्हणं! या, इकडं बसा.”