पंख हलेपर्यंत

लढाईच्या दिवसांत कोरीटच्या माळावर विमानं उतरत. मी तिथं कारकून होतो आणि माझ्यासोबत एक निशाणवाला होता. पांढरं निशाण म्हणजे उतर, लाल म्हणजे उतरू नको. वैमानिकानं पंख हलवून 'समजलं' म्हटल्याशिवाय तो निशाण खाली घेत नसे. माणसांशीही तसंच. त्यानं नुसतं पाणी मागितलं तरी वर विचारी, "काय सांगं मी? बोल." त्यानं काय सांगितलं ते आपण परत म्हणून दाखवलं की मगच त्याचं समाधान होई. मला चीड येई.

एकदा विमान खाली येत असताना पट्टीवर म्हशी शिरल्या. त्यानं लाल निशाण धरलं; पंख हलेनात. तेव्हा तो निशाण घेऊन विमानासमोरच धावत सुटला. अगदी डोक्यावरून विमान वर गेलं आणि पंख हलले.

तो मटकन खाली बसला. "भाऊ, त्या म्हशी हाकली दे."

"म्हशी हाकलतो," त्यानं विचारायच्या आतच मी म्हणालो.