आधी घर, मग नाव

आक्कांना नुसतं नाव सांगितलेलं चालायचं नाही. "सुनीताचा फोन आलता," म्हटलं की खुर्चीतूनच आवाज यायचा, "कुठली सुनीता? आधी घर सांग की." त्यांच्या गडहिंग्लजच्या गल्लीत म्हणे चार सुनीता होत्या आणि एकीच्या सासरचा निरोप हमखास दुसरीच्या दारात जायचा. ऑफिसातल्या डब्यांवरही त्यांनी चिठ्ठ्या डकवल्या होत्या: 'चहाची साखर', 'लाडवाची साखर'. ऑफिसात लाडू कोण वळणार होतं, देव जाणे.

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात त्या सगळ्यांत सीनियर. मी नवा, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेला. एरवी मला 'बाळा' म्हणायच्या. 'पावणं' म्हणाल्या की समजायचं, आपलं काही खरं नाही.

एका संस्थेच्या मुलींच्या दोन वसतिगृहांची वेबसाइट आमच्याकडे होती, एक राधानगरीचं, दुसरं गडहिंग्लजचं. प्रोग्राम दोन्हींना एकच. कुठला पत्ता कुठं वळवायचा हे मुख्य फाइलीत लिहायचं आणि प्रत्येक वसतिगृहाला वेगळी नेमस्पेस, म्हणजे नावाआधी लागणारी ओळख द्यायची, की 'राधानगरीचा अर्ज' आणि 'गडहिंग्लजचा अर्ज' यांची गल्लत होत नाही. आक्का नेमस्पेसला सरळ 'घर' म्हणायच्या. मी शहाणा, दोन्हीकडं नुसतं 'अर्ज' लिहून मोकळा झालो. "घरं लिवलीस का रं?" त्यांनी विचारलं. मी न बघताच "व्हय" म्हणालो.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी राधानगरीहून एका मुलीचे वडील पहिल्या एसटीनं थेट ऑफिसात आले. "पोरीचं नाव आमच्या यादीत न्हाय. गडहिंग्लजला गेलंय म्हनत्यात." राधानगरीच्या पानावरचं बटण दाबलं की गडहिंग्लजचा अर्ज उघडत होता. दिसायला दोन्ही सारखेच, कुणाच्या लक्षात येणार? अकरा मुलींचं असंच झालं होतं आणि संध्याकाळी याद्या बंद होणार होत्या.

"बसा दादा, चूक आमची हाय. चहा घ्या," आक्का त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या, "पावणं, घरं लिवा."

मी मुख्य फाइलीत नेमस्पेस लिहून पानापानावरचे दुवे बदलत बसलो. आक्कांनी अकराही घरी स्वतः फोन केले, एकेक अर्ज विचारून राधानगरीच्या यादीत हलवला. चारच्या सुमारास अकरावं नाव चढलं. त्या वडिलांनी स्क्रीनवर बोट ठेवून लेकीचं नाव दोनदा वाचलं. मला रडूच आलं.

तेवढ्यात हा प्रकार कानावर गेलेले आमचे साहेब आले. "कुणाची चूक ही?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "आमच्या ऑफिसची."

"नाव काय त्याचं?"

"सांगितलं की. आमच्या ऑफिसची."

साहेब आत गेले. माझी नोकरी वाचली.

दोनेक वर्षांनी आक्का नोकरी सोडून गडहिंग्लजला परत गेल्या. जाताना लाडवाच्या साखरेचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी धीर करून विचारलं, "आक्का, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

पिशवी खांद्याला लावत त्या म्हणाल्या, "घर सांगितलं न्हवं का बाळा? मग झालं की."